भंगारातला रोबो हात कोठ्यात उभा करताना: लाइन सगळ्यात शेवटी

हात गावात आला त्या संध्याकाळी कोठ्यासमोर, म्हणजे आमच्या गोठ्यासमोर, वीस-पंचवीस माणसं जमली होती. सगळ्यांचा धोशा एकच, "लाइन लावून पाहा ना भाऊ." लाइन म्हणजे वीज. शेजारच्या काकांनी हाताभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बाबू, हे डवरते काय?" मी लाइन लावली नाही. पुढचे पाच महिने लावली नाही. या कामात माझ्याकडून चुका बऱ्याच झाल्या, पण एवढी एक गोष्ट बरोबर झाली आणि हात त्यामुळेच जिवंत राहिला.

वर्षानुवर्षं पडलेल्या हाताच्या कॅबिनेटमध्ये काय काय असू शकतं ते आधी बघा. कॉन्टॅक्टरच्या पात्यांमध्ये वाळलेली पाल, उंदराने कुरतडलेली एन्कोडरची (सांधा किती फिरला ते मोजणाऱ्या भागाची) वायर, ट्रान्सफॉर्मरवर पिंजलेल्या कापसासारखा धुळीचा थर, आणि ड्राइव्हमधले (मोटरला वीज देणाऱ्या भागातले) कॅपॅसिटर, ज्यांना कित्येक वर्षांत व्होल्टेज दिसलेलं नाही. एका झटक्यात लाइन दिली की यातलं एक जरी जुळून आलं तरी महागातली महाग सर्किटची पाटी जळते, आणि ती पाटी तालुक्याला काय, नागपूरलाही सहज मिळत नाही. म्हणून या लेखातला क्रम सोडू नका. मध्ये एखादी पायरी लांबली तर लांबू द्या.

ओळख थोडक्यात. सहा अक्षांचा हात म्हणजे कंबर, खांदा, कोपर आणि मनगटाचे तीन सांधे. प्रत्येक सांध्यात एक सर्वो मोटर, तिच्या पाठीला एन्कोडर, पुढे वेग कमी करणारा रिड्यूसर आणि लाइन गेली की आपोआप लागणारा ब्रेक. कॅबिनेटमध्ये ट्रान्सफॉर्मर, ड्राइव्ह, संगणकाची पाटी. हात चालवायला आणि शिकवायला हातात धरायचा बटणांचा रिमोट म्हणजे टीच पेंडंट. पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला, तो तेलाच्या दाबावर चालायचा. आपल्याला भंगारात मिळतात ते बहुतेक १९९० नंतरचे, विजेच्या सर्वो मोटरवर चालणारे, मोटारगाड्यांच्या सुट्या भागांचं वेल्डिंग करून थकलेले. चाकण, वाळूज पट्ट्यातल्या कारखान्यांच्या उत्पादनाच्या लाइनी बदलल्या की ते बाहेर पडतात.

घेताना

हात, कॅबिनेट, दोघांमधल्या केबली आणि पेंडंट, या चारही गोष्टी मिळत असतील तरच व्यवहार करा. नुसता हात स्वस्त मिळतो आणि बघायला झकास दिसतो, पण त्याचं कॅबिनेट वेगळं शोधायला निघालात की बैल एका बाजारात आणि जू दुसऱ्या बाजारात अशी गत होते. हाताच्या आणि कॅबिनेटच्या प्लेटवरचे नंबर जुळतात का तेही बघा. एकाच लाइनीतले दोन हात भंगारवाल्याकडे आले असतील तर जोड्यांची अदलाबदल सहज होते.

जागेवर लाइन नसतानाही बरंच कळतं. मनगट दोन्ही हातांनी धरून इकडेतिकडे ढकला. ब्रेक लागलेला असताना सांधा टक टक करत हलला तर रिड्यूसर झिजलाय. खांद्याच्या आणि कोपराच्या सांध्याखाली ग्रीस गळून माती चिकटली असेल तर सील गेलंय. ते बदलता येतं. झिजलेला रिड्यूसर मात्र बदलायच्या भानगडीत पडू नका, त्यापेक्षा दुसरा हात शोधलेला बरा. पेंडंटची काच फुटलेली चालते, केबलचं टोक मुरगळलेलं चालत नाही.

मग फोटो काढा. प्रत्येक प्लेट, प्रत्येक कनेक्टर, आत-बाहेरची प्रत्येक चिठ्ठी. एबीबी या कंपनीच्या हातावर मोटरच्या कॅलिब्रेशनचे आकडे लिहिलेलं लेबल असतं. ते पुसलं गेलं की नवे आकडे काढायला नाकी नऊ येतात. एबीबीच्या जुन्या एस-फोर कॅबिनेटला फ्लॉपी लागतात, त्या फ्लॉपी सोबत मागून घ्या. फॅनुक या कंपनीच्या आर-जे-थ्री कॅबिनेटमध्ये मेमरी कार्डाची खाच असते. माझा हात फॅनुकचा, सहा किलो पेलणारा, म्हणून पुढची बटणांची नावं त्याची आहेत. कामाचा क्रम मात्र कुठल्याही हाताला लागू पडेल.

एक गोष्ट मी घेताना बघितली नाही. फॅनुकच्या हाताच्या बुडाशी टॉर्चमध्ये असतात तसे चार मोठे सेल असतात, एकूण सहा व्होल्टचे. लाइन नसतानाही प्रत्येक सांधा कुठे आहे ही आठवण त्यांच्यावर टिकते. घरी येऊन झाकण उघडलं तर पेटी रिकामी. भंगाराच्या वाड्यातल्या पोराने सेल काढून खरंच टॉर्चमध्ये घातले होते. फार मोठं नुकसान झालं नाही, कारण इतकी वर्षं पडलेल्या हाताचे सेल असेही मेलेलेच असतात. सांध्यांची आठवण गेलेली आहे असं धरूनच चाला. ती परत लावता येते, कशी ते पुढे सांगतो. जिवापाड जपायची ती दुसरी आठवण, कॅबिनेटच्या पाटीवरच्या छोट्या लिथियम बॅटरीवरची. तिच्यात हाताचं अख्खं सॉफ्टवेअरचं बाड असतं. मीटर लावून ती तीन व्होल्टच्या आसपास दिसली तर तिला हात लावू नका.

आणणं आणि उतरवणं

सहा किलो पेलणारा हात म्हणजे सहा किलोचा हात नव्हे. असे हात दीड ते तीन क्विंटल भरतात, कॅबिनेट वेगळं. घेतल्या जागी हायड्रा क्रेनने चढवून मिळतो, पंचाईत गावात उतरवताना होते. आम्ही विहिरीच्या कामाची तिपाई घोडी आणि दोन टनांची चेनकुप्पी वापरली. पट्टा कंपनीने दाखवलेल्या उचलायच्या जागांनाच लावायचा. मनगटाला किंवा मोटरला दोर बांधून उचललं की मोटरचा शाफ्ट वाकतो.

हात घडी करून, म्हणजे कोपर मागे आणि मनगट खाली अशा स्थितीत आणा. कारखान्यातून सुटताना तो तसा नसेल आणि लाइनही नसेल तर ब्रेक बाहेरून सोडावा लागतो. इथे जीव जाऊ शकतो. ब्रेक सुटला की खांदा आणि कोपर स्वतःच्या वजनाने धाडकन खाली येतात. काही हातांवर ब्रेक सोडायचं बटण असतं, आणि त्यातल्या काहींत एकच बटण सगळे ब्रेक एकदम सोडतं. आधी हात चेनकुप्पीवर टांगा, पट्टा ताणून घ्या, मगच एका वेळी एकच ब्रेक सोडा. ब्रेकचं व्होल्टेज मोटरच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये बघून द्या, काहींत २४ असतं, काहींत ९०. ब्रेक सोडणाऱ्या माणसाने हाताखाली उभं राहायचं नाही आणि बघ्यांना बाहेर काढायचं. मोठ्या हातांना खांद्याशी स्प्रिंगचं नळकांडं असतं, ते कधीही उघडू नका. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते.

काळ्या मातीतला पाया

पुण्याकडच्या माणसाला हा भाग गरजेचा वाटणार नाही, आपल्याला आहे. आपली काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर टाकलेला चार इंची कोबा दोन वर्षांत तडकतो. कोठ्याचा कोबा तडकला तर फक्त पाणी मुरतं, हाताचा पाया तडकला तर हात पुढे पूर्ण लांब होऊन थांबतो तेव्हा त्याचा झटका बोल्टांना उपटतो.

म्हणून काळी माती पूर्ण काढून मुरमापर्यंत जा. आमच्याकडे साडेतीन फुटांवर मुरूम लागला, तुमच्या वावरात पाच फुटांवर लागेल. खड्डा मुरमाने भरून, पाणी मारून, धुम्मसाने चोपून घ्या आणि त्यावर सळीच्या जाळीचा, निदान फूटभर जाड काँक्रीटचा ठोकळा ओता. ठोकळ्याच्या चारी बाजूंना माती थेट भिडू देऊ नका, वाळूची पट्टी सोडा, म्हणजे फुगणारी माती त्याला कडेने रेटणार नाही. वर वीस मिलिमीटरची लोखंडी प्लेट, तिच्यात हाताच्या बुडाच्या भोकांना जुळणारे ८.८ ग्रेडचे बोल्ट. प्लेट लेव्हलमध्ये हवी. आमच्या लेथवाल्याने भोकं पाडताना हाताच्या बुडाचा पुठ्ठ्यावरचा ठसा मागितला होता. तुम्हीही तोच न्या, नुसते मापाचे आकडे नेऊ नका.

बाकी जागा साधी. छताचे टिन गळत नसावेत, कडब्याची गंजी शेजारी नसावी, हाताच्या पूर्ण पोहोचेच्या बाहेर जाळीचं कुंपण असावं. आमच्या कोठ्यात गाईंसाठी दुसरी सोय करावी लागली, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

उघडून साफ करणं

पाण्याच्या प्रेशरचा मोह आवरा. ब्लोअर, मऊ ब्रश आणि कोरडं फडकं, एवढंच वापरा. वेल्डिंगचे उडालेले मणी पातळ छिन्नीने हळूच काढा. कनेक्टरच्या पिना मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणाऱ्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. पिना हिरव्या झाल्या असतील तर घासू नका, दोन-तीनदा आयपीए लावा आणि कनेक्टर चार-पाच वेळा काढून घाला.

कॅबिनेट उघडलं की आधी फक्त बघा. फुगलेले कॅपॅसिटर, काळी पडलेली पाटी, सुटलेले स्क्रू. जिथे जिथे वायर आत जाते तिथे भोक आहे का बघा, कारण पाली आणि उंदीर तिथूनच येतात. कोठ्यात राहणाऱ्या कॅबिनेटला हा सगळ्यात मोठा धोका आहे, धूळ दुसऱ्या नंबरावर. मी रिकाम्या भोकांत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आणि बाहेरून एम-सील लावलं. घासणीचा एकही तुकडा आत पडता कामा नये. तो पडला तर पालीपेक्षा वाईट.

कुरतडलेल्या वायरी जोडताना शेतीपंपाची सवय विसरा. पिळ मारून टेप गुंडाळलेला जोड मोटरच्या जाड वायरीला कदाचित चालून जाईल, एन्कोडरच्या वायरीला नाही. त्या बारीक, जोडीजोडीने पिळलेल्या आणि वरून जाळी असलेल्या वायरी असतात. सोल्डरचा डाग द्या, हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, जोडीतला पीळ शक्य तितका राखा आणि वरची जाळीही जोडा. जाळी तुटकी राहिली तर हात चालेल, पण मध्येच कधीतरी विनाकारण अलार्म येईल आणि तुम्ही महिनाभर भलतीकडेच शोधत बसाल. मी बसलो होतो.

मोटरचं वाइंडिंग तपासायला गावातला वाइंडिंगवाला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) आणेल. त्याला आधीच बजावा: मोटरची वायर ड्राइव्हपासून पूर्ण सोडवायची, एन्कोडरचा कनेक्टर काढायचा आणि मगच मेगर फिरवायचा. पंपाच्या सवयीने त्याने जोडलेल्या वायरीवर मेगर लावला तर ड्राइव्ह गेलाच. १०० मेगोहमच्या वर आलं तर मोटर उत्तम. १० ते १०० म्हणजे उतरती कळा लागलीय. १ ते १० म्हणजे सांभाळून, आधी उन्हात वाळवून पुन्हा बघा. एकच्या खाली आलं तर ती मोटर लावू नका. आमची एक मोटर ऑगस्टमध्ये ६ दाखवत होती. तीच नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत, काहीही न करता, ८० वर गेली. म्हणून पावसाळ्यात मेगर लावून कुठलीही मोटर बाद ठरवू नका.

ग्रीस

खांदा, कोपर, कंबर यांत बहुधा आरव्ही जातीचे रिड्यूसर असतात आणि मनगटात हार्मोनिक. दोघांचं ग्रीस वेगळं असतं. ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं ग्रीस चालणार नाही, कितीही चांगलं असलं तरी. आरव्हीला मोलीव्हाइट आरई डबल-झिरो किंवा व्हिगोग्रीस आरई-झिरो अशी नावं मॅन्युअलमध्ये सापडतील. तुमच्या हाताच्या मॅन्युअलमध्ये जे आहे तेच घ्या आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका.

ग्रीस भरताना बाहेर पडायच्या बाजूचा बोल्ट आधी काढायचा. हे विसरलात तर ग्रीस सील फाडून मोटरमध्ये शिरतं. हवेवर चालणारी ग्रीसगन नको, हाताची घ्या आणि सावकाश दाबा. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरा. बाहेर आलेलं ग्रीस फेकण्याआधी चिमटीत घेऊन चोळा, चुंबक फिरवा. थोडी राखाडी झाक असतेच. उन्हात सोन्यासारखी चमकणारी कचकच लागली तर रिड्यूसरचे दिवस भरत आलेत. बोल्ट लगेच लावू नका. पुढे हात चालू झाला की तो सांधा काही मिनिटं इकडून तिकडे फिरवून आतला दाब निघून जाऊ द्या, मग लावा. फॅनुकच्या वेळापत्रकात ग्रीस बदलायची मुदत तीन वर्षं किंवा ११,५२० तास अशी आहे. आपल्या हौसेच्या वापरात तास कधीच भरत नाहीत, वर्षं भरतात.

तीन फेज कुठून आणायचे

गावठाणातल्या घरात सिंगल फेज, वावरात थ्री फेज, आणि तेही पाळीने. पहिला विचार सगळ्यांच्या मनात तोच येतो: पंपाच्या मीटरवरून केबल ओढू. करू नका. ज्या कामासाठी जोडणी आहे ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरणं वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात मोडतं. शिवाय शेतीच्या लाइनचं व्होल्टेज ज्या पद्धतीने नाचतं, त्याने पंप जळतात तिथे ड्राइव्हची काय कथा.

सरळ रस्ता म्हणजे थ्री फेजची वेगळी जोडणी मागणं. ती परवडत नसेल तर दुसरा रस्ता रोटरी कन्व्हर्टरचा. जुनी तीन एचपीची मोटर घ्या, जिच्या प्लेटवर २३० डेल्टा, ४१५ स्टार असं लिहिलंय. तिला डेल्टात बांधून सिंगल फेजवर, कॅपॅसिटरच्या मदतीने नुसती मोकळी फिरवत ठेवा, शाफ्टला काही जोडू नका. तिच्या तिसऱ्या टोकावर तिसरा फेज तयार होतो. हा तिसरा पाय जरा कच्चा असतो. तिन्ही जोड्यांतलं व्होल्टेज मोजून कॅपॅसिटर कमी-जास्त करून ते जवळपास आणावं लागतं. कॅबिनेटमधली कंट्रोलची लाइन ज्या दोन फेजांवरून निघते तिथे खरे दोन पाय द्या, कच्चा पाय तिथे नको. हे सगळं परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. माझ्याकडे वाइंडिंगवाल्याने आणि वायरमनने मिळून केलं, मी चहा पुरवला. लहान वेल्डिंगच्या हाताला सरासरी किलोवॅटच्या आसपास लागतो, झटक्याला त्याच्या काही पट, तेवढं ही मोटर निभावते.

कॅबिनेटच्या ट्रान्सफॉर्मरला बहुधा वेगवेगळ्या व्होल्टेजचे टॅप असतात. हात आधी ४०० वर चालत असेल आणि तुम्ही २३० देणार असाल तर टॅप बदलायचा. प्लेटवरचा नकाशा दोनदा वाचा आणि वायरमनलाही वाचून दाखवा.

अर्थिंगचा खड्डा वेगळा घ्या, मीठ-कोळसा घालून. काळी माती उन्हाळ्यात सळीपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्चपासून दर आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात गेलंच पाहिजे. जूनच्या पहिल्या गडगडाटाला मेन स्विच खाली आणि पिन बाहेर, हा आमच्या घरचा नियम आहे. टीव्हीच्या आधी हात.

लाइन देणं, एकेक घास

इमर्जन्सी स्टॉप दाबलेला, मोटरच्या वायरी ड्राइव्हपासून सोडवलेल्या. ट्रान्सफॉर्मरच्या पुढचे फ्यूज काढून फक्त ट्रान्सफॉर्मरला लाइन द्या. बाहेर येणारं व्होल्टेज मोजा. तासभर तसंच ठेवा, हात लावून गरम होतोय का बघा, लाइन बंद करूनच. २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय बाहेर काढून सिरीज बल्बवर लावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भकभकीत जळत राहिला तर आत शॉर्ट. गावातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडे सिरीज बोर्ड असतो. लाखाच्या मशीनसाठीही याहून चांगलं पहिलं अवजार मला सापडलं नाही.

ड्राइव्हचे मोठे कॅपॅसिटर वर्षानुवर्षं पडून आतून कमजोर होतात. त्यांना थेट पूर्ण व्होल्टेज दिलं तर फुटू शकतात. ड्राइव्हच्या तोंडाशी साधा डायोड ब्रिज असेल तर डिमरस्टॅटने (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) तीस-चाळीस व्होल्टची एकेक पायरी चढवा आणि प्रत्येक पायरीवर अर्धा तास थांबा. २३० एसीला आत साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतं. लाइन बंद केल्यावरही ते काही वेळ तसंच बसलेलं असतं आणि माणूस मारायला पुरेसं असतं. दिवा विझला म्हणून हात घालू नका, मीटरने मोजा.

हे निभावलं की फ्यूज लावा, मोटरच्या वायरी अजूनही सुट्या ठेवा आणि कॅबिनेट चालू करा. पेंडंटवर अक्षरं उमटली की घरातल्यांना बोलवा, पण हात हलवू नका. आधी आठवणीची नक्कल घ्या. फॅनुकमध्ये एफ-वन आणि एफ-टू दाबून ठेवून चालू केलं की बूट मॉनिटर येतो, तिथून मेमरी कार्डावर पूर्ण इमेज घेता येते. कार्डाच्या दोन प्रती करा आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. नक्कल झाल्यावरच कॅबिनेटची लिथियम बॅटरी बदला: अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करायचं आणि अर्ध्या तासाच्या आत जुनी काढून नवी लावायची. ही चार वर्षांनी बदलायची असते.

संगणकाची पाटीच मेली असेल तर लिनक्स-सीएनसी या सॉफ्टवेअरचा रस्ता आहे. त्यात सहा सांध्यांच्या हाताचं गणित तयार मिळतं. पण तो जमतो पुमा नावाच्या जुन्या हातासारख्यांना, ज्यांत ब्रशवाल्या डीसी मोटर आणि साधे एन्कोडर असतात. नव्या हातांचे एन्कोडर कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात. तो वेगळ्या लेखाचा आणि वेगळ्या वर्षाचा विषय आहे.

सांध्यांना घर दाखवणं

आता मोटरच्या वायरी जोडा, बुडाशी नवे चार सेल घाला. पहिल्यांदा चालू केल्यावर अलार्मांची रांग लागेल. घाबरू नका, ते क्रमाने सुटतात. एसआरव्हीओ-००१ आणि ००२ म्हणजे स्टॉप दाबलेला आहे, पॅनलचा किंवा पेंडंटचा. ००३ म्हणजे डेडमॅन स्विच (पेंडंटचा, सोडला की हात थांबवणारा) धरलेला नाही. ००४ म्हणजे कुंपण उघडं आहे. इथे तार टाकून कुंपणाचा अलार्म कायमचा गप्प करायचा मोह होतो. तसं करू नका, जाळीच्या दाराला खरा स्विच लावा. ००६ म्हणजे 'हँड ब्रोकन'. नाव भयंकर आहे, पण बहुधा मनगटावरची वेल्डिंगची टॉर्च काढल्यामुळे येतो आणि सेटिंगमध्ये बंद करता येतो.

खरा मुद्दा ०६२, सांध्यांची आठवण गेल्याचा. मास्टर-कॅलचा पडदा दिसत नसेल तर सिस्टीम व्हेरिएबलमध्ये 'मास्टर-एनब' एक करा. त्या पडद्यावर आरईएस-पीसीए दाबा, हो म्हणा, कॅबिनेट बंद करून चालू करा. आता ०७५ येईल, म्हणजे सांध्यांची जागा अजून पक्की झालेली नाही. प्रत्येक सांधा पेंडंटवरून जॉइंट पद्धतीने थोडा थोडा हलवा, मोटरचा निदान एक फेरा होईल इतका, मग रीसेट.

मग प्रत्येक सांध्यावरच्या खुणा शोधा. कंपनीने दोन्ही भागांवर बारीक रेघा कोरलेल्या असतात, वेल्डिंगच्या काजळीखाली. रंगाचं काम करायची घाई झालेल्यांनी इथे थांबावं: या रेघांवर आणि प्लेटांवर रंग लागला तर सांध्याचं घर हरवलं. रेघा जुळवताना भिंग आणि टॉर्च घ्या, डोळा सरळ समोर ठेवा. शंभर मिलिमीटर त्रिज्येवर अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर हात चौदाशे मिलिमीटर लांब असताना टोकाला सात मिलिमीटरचा फरक पडतो. सगळे सांधे जुळले की झिरो पोझिशन मास्टर, मग कॅलिब्रेट, मग डन. या वेळी मोजणीचे आकडे वहीत उतरवून ठेवा.

पडताळणी सोपी आहे. मनगटाला टोकदार सळी बांधा, तिचं टोक पेंडंटमध्ये टूल म्हणून शिकवा, टेबलावर दुसरा खिळा उभा ठेवा. दोन टोकं भिडवून हात तिथेच ठेवत मनगट वेगवेगळ्या कोनांतून फिरवा. टोक खिळ्यापासून सरकत गेलं तर कुठलातरी सांधा चुकीच्या घरी बसलाय. माझा कोपराचा चुकला होता, रेघेऐवजी ओरखड्याला जुळवला होता.

हलवताना

पहिले कित्येक दिवस टी-वन या सावकाश चालवायच्या मोडमध्येच चालवा. त्यात टोकाचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही, माणूस मागे सरकू शकतो. डेडमॅन स्विच टेपने बांधणाऱ्या माणसाला कोठ्यात घेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. पाचवा सांधा शून्याजवळ आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात आणि सरळ रेषेतली साधी हालचालही अचानक गरकन फिरते. पेंडंट तक्रार करेल, त्याचं ऐका. प्रोग्राम लिहिताना सुरुवात पेनाने कागदावर चौकोन काढण्यापासून करा. चौकोनाचे कोपरे जुळेनात तर पुन्हा खुणांकडे.

उन्हाळ्यात दुपारी चालवू नका. अशा कॅबिनेटांना आजूबाजूची हवा ४५ अंशांपर्यंत चालते, आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे हवामान खात्याचाच आकडा ४५ च्या पुढे असतो, टिनाखालचा तर विचारूच नका. आम्ही पहाटे चालवतो. पंख्यांची फिल्टर जिनिंगच्या हंगामात दर आठवड्याला झटकतो.

बुडाचे चार सेल वर्षातून एकदा, आणि कॅबिनेट चालू असतानाच बदलायचे, नाहीतर पुन्हा ०६२ आणि सगळ्या रेघा पहिल्यापासून. तारीख कुणाच्याच लक्षात राहीना, म्हणून आईने ती पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला बांधून टाकली. बैल आता नाहीत, पण त्या दिवशी वाटीत हळद-तूप घेऊन ती अजून कोठ्यात येते. गेल्या वर्षी मी तिसरा सेल घालत असतानाच लाइन गेली. यंदा चारही सेल आधीच दुसऱ्या पेटीत भरून ठेवलेत, आणि वायरमनला विचारून घेतलंय की त्या सकाळी फीडरवर काम नाही ना.